ओळ कुठे तोडायची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मोठा मजकूर ठरावीक रुंदीच्या ओळींत कोडने कसा बसवायचा, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत. भाषा वेगळ्या, यंत्रं वेगळी, पण बहुतेक ठिकाणी अडचण एकच आहे. रुंदीचा आकडा ठरलेला असतो, पण तो आकडा नेमका कशाचा, हे ठरवायचं राहून गेलेलं असतं.

प्रश्न : पायथनच्या 'टेक्स्टरॅप' मॉड्यूलने मराठी मजकूर १८ रुंदीच्या ओळींत तोडतो. इंग्रजीला काहीच अडचण येत नाही. मराठीत मात्र एखादी ओळ सुट्या कान्याने सुरू होते आणि त्याच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. ओळीही फार आखूड पडतात. (विद्यार्थी, लातूर)

उत्तर : तुमचं कोड बरोबर आहे, मोजमाप चुकलं आहे. 'टेक्स्टरॅप' लांबी मोजतं ती कोडपॉइंटमध्ये, म्हणजे युनिकोडने (जगातल्या लिपींच्या सामायिक संकेताने) क्रमांक दिलेल्या एकेका चिन्हात. 'महाराष्ट्र' हा शब्द आपण म, हा, रा, ष्ट्र असा चार अक्षरांत वाचतो. संगणकाकडे मात्र म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे १० कोडपॉइंट असतात. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो, म्हणजे तोच शब्द ३० बाइटांचा होतो. एकाच शब्दाची लांबी ४, १० आणि ३०, आणि तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे! आखूड ओळींचं कारण हेच.

सुट्या कान्याचं कारण वेगळं आहे. 'ब्रेक लाँग वर्ड्स' हा पर्याय मुळातच चालू असतो. रुंदीपेक्षा लांब शब्द आला की चालू ओळीत जेवढी जागा उरली असेल तेवढा तुकडा तो कापतो आणि बाकीचा पुढे ढकलतो. 'महाविद्यालयांमधल्यांना' हा शब्द १० अक्षरांचा, पण २२ कोडपॉइंटचा आहे. रुंदी १८ असेल आणि शब्द ओळीच्या सुरुवातीला आला तर अठरावा कोडपॉइंट म्हणजे 'ल्यां' मधला य. काप त्याच्यानंतर बसतो आणि काना-अनुस्वार पुढच्या ओळीच्या तोंडाशी येतात. आधाराला व्यंजन नसलेली खूण दिसली की फॉन्ट ठिपक्यांचं वर्तुळ काढतो.

तात्पुरता उपाय म्हणजे तो पर्याय बंद करणे. मग लांब शब्द ओळीबाहेर जाईल, पण मोडणार नाही. कायमचा उपाय म्हणजे अक्षरं मोजणारं स्वतःचं फंक्शन. पंधराएक ओळींचं काम आहे :

१. मजकूर आधी एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणा. 'ऱ' कधी एका कोडपॉइंटने लिहिलेला असतो, कधी र आणि नुक्ता असा दोनांनी. एनएफसीने तो एकसारखा होतो.
२. मजकूर साध्या स्पेसवर तोडून शब्दांची यादी करा.
३. प्रत्येक शब्दाची अक्षरं पाडा. त्यासाठी 'रेजेक्स' हे मजकुरात नमुने शोधणारं, वेगळं बसवायचं मॉड्यूल घ्या आणि त्यातला बॅकस्लॅश व मोठा एक्स हा नमुना वापरा. पायथनसोबत येणाऱ्या 'आरई' या त्याच कामाच्या मॉड्यूलमध्ये तो नाही.
४. चालू ओळीची अक्षरं + १ + शब्दाची अक्षरं ही बेरीज रुंदीत बसली तर शब्द जोडा. नाहीतर ओळ यादीत टाका आणि त्या शब्दाने नवी ओळ सुरू करा.
५. एकटा शब्दच रुंदीपेक्षा मोठा असेल तर तो फक्त अक्षरांच्या सीमेवर कापा.
६. शेवटी हातात उरलेली ओळ यादीत टाका. ही पायरी विसरली की प्रत्येक परिच्छेदाची शेवटची ओळ गायब होते.

तिसऱ्या पायरीत एक खाच आहे. युनिकोडच्या अक्षरसीमांच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारं साधन 'ष्ट्र' चे ष्, ट्, र असे तीन तुकडे देतं. तुमच्याकडे तसं होत असेल तर एक दुरुस्ती पुरते : तुकडा हलन्ताने संपत असेल आणि पुढचा व्यंजनाने सुरू होत असेल तर दोन्ही जोडा. हलन्तापाठोपाठ झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारी जोडखूण, असेल तरीही जोडा. झेडडब्ल्यूएनजे, म्हणजे न जोडण्याची खूण, असेल तर मात्र जोडू नका. लिहिणाऱ्याने हलन्त मुद्दाम उघडा ठेवलेला असतो.

या न दिसणाऱ्या खुणा 'कचरा' समजून कधीही पुसू नका. जुन्या मजकुरात 'आचाऱ्यांना' हा शब्द र, हलन्त, झेडडब्ल्यूजे, य असा लिहिलेला आढळतो. खूण पुसली की त्याचं 'आचार्यांना' होतं. स्वयंपाक्याला द्यायचा निरोप गुरुजींना जातो!

प्रश्न : 'मुंबई-पुणे', 'नाशिक-पुणे' अशा जोडशब्दांत 'टेक्स्टरॅप' संयोगचिन्हापाशी ओळ तोडत नाही. इंग्रजी शब्दांत तोडतं. संयोगचिन्हावर तोडण्याचा पर्याय तर चालू आहे. (अनुवादक, ठाणे)

उत्तर : संयोगचिन्हाच्या आधी दोन आणि नंतर दोन 'अक्षरं' दिसली तरच, ठोकळमानाने सांगायचं तर, ते मॉड्यूल तिथे तोडतं. पायथनच्या 'आरई' च्या लेखी काना, वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षरं नव्हेतच. त्यामुळे 'पुणे' मधला प दिसतो, त्याला लागून उकार येतो आणि अट मोडते. 'नाशिक' मध्ये तर चिन्हाच्या आधीच वेलांटी आडवी येते. 'घर-परसदार' तुटेल, कारण तिथे दोन्ही बाजूंना सुटी व्यंजनं आहेत. असं नशिबावर चालणारं वागणं ठेवू नका. तो पर्याय बंद करा आणि शब्द पाडताना संयोगचिन्हानंतर तुम्हीच तोडा. चिन्ह आधीच्या तुकड्यासोबत राहायला हवं.

प्रश्न : पीएचपीत 'वर्डरॅप' ने ईमेलचा मजकूर ७५ वर तोडतो. मराठी ओळी २५-२७ अक्षरचिन्हांवरच तुटतात, आणि चौथा आर्ग्युमेंट 'ट्रू' दिला की मध्येच चौकोनात प्रश्नचिन्हं येतात. (वेब डेव्हलपर, पणजी)

उत्तर : ते फंक्शन बाइट मोजतं. ७५ भागिले ३ म्हणजे २५. स्पेस एका बाइटची असल्यामुळे थोडं पुढे जातं, एवढंच. चौथ्या आर्ग्युमेंटने तुम्ही त्याला तीन बाइटांच्या मधोमध कापायची मुभा देता, म्हणून अर्धवट अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. 'इंटल' एक्स्टेंशनमधल्या 'ग्राफीम एसटीआरलेन' ने शब्द मोजून वरच्याच सहा पायऱ्या वापरा.

पण मुळात ईमेल हाताने तोडूच नका. ईमेलच्या मानकात ओळ ७८ पर्यंत असावी आणि ९९८ च्या पुढे जाऊ नये असं आहे, हे खरं. पण ते बंधन पाठवताना होणाऱ्या एन्कोडिंगनंतरच्या ओळीला आहे, आणि ती तोडाजोड मेल पाठवणारी लायब्ररी स्वतः करते. तुम्ही आधीच तोडलेल्या ओळी फोनच्या अरुंद पडद्यावर पुन्हा मोडतात आणि एक लांब, एक तोकडी अशी दातेरी रांग दिसते.

प्रश्न : किराणा दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करतो. ५८ मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरवर वस्तूंची नावं मराठीत हवी आहेत. ३२ अक्षरांची ओळ धरून तोडलं, तरी काही नावं किमतीच्या रकान्यात घुसतात. बऱ्याच प्रिंटरवर मराठी उमटतच नाही. (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : ३२ हा आकडा प्रिंटरच्या आतल्या इंग्रजी फॉन्टचा आहे. ५८ मिलिमीटरच्या कागदावर छपाई होते ती ४८ मिलिमीटरवर. मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ३८४ ठिपके. आतला फॉन्ट १२ ठिपके रुंद, म्हणून ३२ रकाने. ८० मिलिमीटरच्या कागदावर ५७६ ठिपके आणि ४८ रकाने. देवनागरीला हे गणित लागूच होत नाही. र, ण आणि क्ष यांची रुंदी एक नाही, आणि जोडाक्षरं जुळवायची, वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची ही अक्कल बहुतेक स्वस्त प्रिंटरांत नसते.

म्हणून बिलाची ओळ चित्र म्हणून तयार करा आणि चित्रच छापा. मग रुंदी ठिपक्यांत मोजायची. अक्षरं मोजायची गरजच उरत नाही.

पायथनच्या 'पिलो' लायब्ररीने हे जमतं. सुरुवातीलाच तिच्यात 'राक्म' हा मांडणीचा भाग उपलब्ध आहे का, हे तिच्या 'फीचर्स' मधून तपासा. तो नसेल तर 'कि' च्या जागी आधी क आणि त्याच्यानंतर वेलांटी असं छापलं जातं, आणि मोजलेली रुंदीही खोटी निघते. ही तपासणी प्रोग्राम सुरू होतानाच ठेवा, नाहीतर चूक थेट गिऱ्हाइकाच्या बिलावर दिसेल.

रकाने असे पाडा : नावाला २४०, नगाला ४८, रकमेला ९६. बेरीज ३८४. फॉन्ट २४ ठिपक्यांचा (मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी चांगले उमटतात) आणि दोन ओळींतलं अंतर ३६ ठिपके. इंग्रजीच्या सवयीने २८ ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत अडकतात. नावाच्या रकान्यात उजवीकडे ४ ठिपके मोकळे सोडा. काही अक्षरांची शाई मोजलेल्या रुंदीच्या किंचित बाहेर जाते.

मोजताना नेहमी होणारी चूक : शब्दातल्या एकेका चिन्हाची रुंदी काढून बेरीज करणे. त आणि र वेगवेगळे मोजून जी बेरीज येते ती 'त्र' ची रुंदी नव्हे. आधीची ओळ, स्पेस आणि नवा शब्द अशी अख्खी ओळ पिलोतल्या रुंदी मोजणाऱ्या 'गेटलेंग्थ' ला द्या आणि उत्तर २३६ च्या आत आहे का ते पाहा. दर शब्दाला पूर्ण ओळ पुन्हा मोजली तरी बिलाएवढ्या मजकुराला वेळेचा फरक जाणवत नाही. जुन्या उदाहरणांत 'गेटसाइझ' दिसेल. ते पिलोच्या १० व्या आवृत्तीत काढून टाकलं आहे.

'गोडा मसाला घरगुती २०० ग्रॅम' हे नाव दोन ओळींत गेलं तर नग आणि रक्कम पहिल्या ओळीसमोरच छापा. रक्कम उजवीकडे चिकटवायची तर सुरुवातीचा बिंदू म्हणजे ३८४ वजा रकमेची मोजलेली रुंदी. स्पेस भरून सरळ रेषेत आणायचा प्रयत्न सोडून द्या, मराठी फॉन्टमध्ये तो कधीच जुळत नाही.

शेवटी चित्र काळं-पांढरं करताना पिलो आपणहून डिदरिंग करते, म्हणजे करड्या कडांच्या जागी विखुरलेले ठिपके टाकते. शिरोरेषा खरखरीत होते. डिदरिंग बंद करून ठरावीक उंबरठ्याने, उदाहरणार्थ १२८ च्या खाली ते काळं, असं रूपांतर करा. पाठवताना बिल एका दमात न देता ओळीओळीने द्या. ३६ ठिपके उंच पट्टी म्हणजे ३६ गुणिले ४८, म्हणजे १,७२८ बाइट. मोठं चित्र एकदम दिलं तर लहान मेमरीचे प्रिंटर मध्येच थांबतात किंवा निरर्थक चिन्हं छापतात.

प्रश्न : 'रु.' एका ओळीत आणि '५००' दुसऱ्या ओळीत जातं. 'डॉ.' आणि नाव यांचंही तसंच. न तुटणारी स्पेस घातली, तरी माझं फंक्शन तिथेच तोडतं. (वाचक, नागपूर)

उत्तर : तुम्ही शब्द पाडायला 'स्प्लिट' रिकाम्या कंसाने बोलावत असणार. तसं केलं की पायथन प्रत्येक प्रकारची स्पेस सारखीच धरतो, न तुटणारीसुद्धा. कंसात साधी स्पेस स्पष्ट लिहा, दोष जाईल. 'टेक्स्टरॅप' मध्ये हा त्रास नाही, ते न तुटणाऱ्या स्पेसवर तोडत नाही. ही स्पेस कुठे घालायची याचा आमचा निवाडा : रु. आणि आकडा, आकडा आणि एकक (१२ कि.मी.), डॉ. किंवा प्रा. आणि नाव, 'इ. स.' आणि वर्ष. याहून जास्त ठिकाणी घातली तर ओळी विनाकारण तोकड्या पडतात.

प्रश्न : अभंग आणि ओव्या टाकल्या की सगळे चरण एका परिच्छेदात मिसळतात. चरण राखून तोडता येईल का? (ग्रंथालय सेविका, पैठण)

उत्तर : येईल. 'टेक्स्टरॅप' आलेला सगळा मजकूर एकच परिच्छेद मानतं आणि नव्या ओळीच्या खुणेची स्पेस करतं. म्हणून आधी मजकूर ओळींवर तोडा, मग एकेक चरण वेगळा बसवा. रिकाम्या ओळीसाठी 'रॅप' रिकामी यादी परत देतं, त्यामुळे दोन कडव्यांमधलं अंतर नाहीसं होतं. यादी रिकामी आली तर एक रिकामी ओळ स्वतः घाला. लांब चरण मोडलाच तर 'सब्सिक्वेंट इंडेंट' मध्ये चार स्पेस द्या. उरलेला भाग आत सरकतो आणि तो नवा चरण नाही हे वाचणाऱ्याला कळतं. कवितेत हे अंतर फार महत्त्वाचं आहे. ते नसेल तर चुकीच्या जागी थांबून वाचलं जातं.

प्रश्न : ओळी बरोबर बसतात, पण एक गच्च आणि पुढची अर्धी रिकामी असं दिसतं. पत्रिकेच्या मजकुरात ते वाईट दिसतं. (मुद्रक, सोलापूर)

उत्तर : आतापर्यंत सांगितलेली पद्धत हावरी आहे. मावेल तेवढं आत्ताच घेते, पुढे काय होईल ते पाहत नाही. ६ अक्षरांच्या रुंदीत 'सकाळ होता गाव गजबजले' बसवा. हावरी पद्धत 'सकाळ होता' / 'गाव' / 'गजबजले' असं तोडते. पहिली ओळ पूर्ण भरते, दुसरीत ४ जागा रिकाम्या. 'सकाळ' / 'होता गाव' / 'गजबजले' असं तोडलं तर ३ आणि १ रिकाम्या. शेवटची ओळ सोडून रिकाम्या जागांच्या वर्गांची बेरीज करा : पहिल्या मांडणीची ० + १६ = १६, दुसरीची ९ + १ = १०. वर्ग घेतल्यामुळे एका ओळीतल्या मोठ्या भगदाडाला जबर दंड बसतो.

कोडमध्ये हे शेवटच्या शब्दाकडून मागे येत करा. प्रत्येक शब्दाबाबत 'इथून नवी ओळ सुरू झाली तर उरलेल्या मजकुराची कमीत कमी किंमत किती' हे एकदाच काढून नोंदवून ठेवा. त्या ओळीत एक, दोन, तीन असे बसतील तेवढे शब्द घेऊन पाहायचे, प्रत्येक वेळी त्या ओळीचा वर्ग आणि पुढची नोंदवलेली किंमत मिळवायची आणि सर्वांत लहान बेरीज ठेवायची. टेक या अक्षरजुळणी प्रणालीत याच विचाराची बरीच पुढची आवृत्ती आहे. डोनाल्ड क्नुथ आणि मायकेल प्लास यांनी ती १९८१ मध्ये मांडली.

पत्रिका, पुस्तक, प्रमाणपत्र यांसाठी ही पद्धत जरूर वापरा, आणि पत्रिकेत रुंदी अक्षरांत न मोजता फॉन्टच्या मापाने मोजा. टाइप करता करता दिसणाऱ्या मजकुराला ती नको. शेवटी एक शब्द वाढवला तर वरच्या ओळीही हलतात आणि लिहिणारा गोंधळतो. वेबपानावरच्या मथळ्याला सीएसएसमधल्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या) 'टेक्स्ट-रॅप' ची 'बॅलन्स' ही किंमत द्या. क्रोममध्ये ती २०२३ पासून चालते. पानावरचा लांब वेबपत्ता फोनच्या कडेबाहेर जात असेल तर 'ओव्हरफ्लो-रॅप' ला 'एनीव्हेअर' द्या. 'वर्ड-ब्रेक' ला 'ब्रेक-ऑल' दिलंत तर पत्त्यासोबत साधे मराठी शब्दही वाटेल तिथे तुटतील.

प्रश्न : कॅलेंडरची आमंत्रणं बनवणारा प्रोग्राम लिहिला. आयकॅलेंडर फाइलमध्ये ओळ ७५ वर दुमडायची असते, तशी दुमडली. काही ठिकाणी मराठी शीर्षक नीट येतं, काही ठिकाणी मध्ये एक अक्षर बिघडतं. शिवाय आमचं फंक्शन तपासायला कोणता मजकूर वापरावा? (वाचक, पुणे)

उत्तर : इथले ७५ हे बाइट आहेत, आणि ओळ संपवणारी खूण त्यात धरायची नाही. शीर्षकाच्या ओळीत 'समरी' हा इंग्रजी शब्द आणि कोलन (:) यांना ८ बाइट जातात. उरतात ६७, त्यात देवनागरीचे २२ कोडपॉइंट बसतात (६६ बाइट). तुम्ही बरोबर ७५ व्या बाइटवर कापता, म्हणजे तेविसाव्या कोडपॉइंटचा पहिला बाइट इकडे आणि दोन तिकडे. आधी बाइट जोडून मग मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रामला फरक पडत नाही. ओळ ओळ आधी वाचून मग जोडणाऱ्याकडे मात्र ते अक्षर मोडतं. कोडपॉइंटच्या सीमेवर थांबा. पुढची प्रत्येक ओळ एका स्पेसने सुरू होते, म्हणून तिथे ७४ बाइट, म्हणजे सलग देवनागरी असेल तर २४ कोडपॉइंट. इथे काना व्यंजनापासून वेगळा पडला तरी चालतो, कारण वाचणारा प्रोग्राम ओळी परत जोडतो आणि माणसाला दुमड दिसत नाही.

चाचणीचा मजकूर : 'कार्त्स्न्य' (११ कोडपॉइंट, पण दोनच अक्षरं), 'आचाऱ्यांना' दोन्ही प्रकारे लिहिलेला, 'मुंबई-पुणे', न तुटणारी स्पेस घातलेलं 'रु. ५००', रुंदीइतकाच नेमका लांब असलेला एक शब्द, त्याहून एका अक्षराने मोठा दुसरा, रिकामा मजकूर आणि नुसत्या स्पेस. प्रत्येक मजकूर १ पासून ४० पर्यंत सर्व रुंदींवर चालवा आणि तीन गोष्टी कोडनेच तपासून घ्या. एक, कोणतीही ओळ रुंदीपेक्षा मोठी नाही. दोन, कोणत्याही ओळीचा पहिला कोडपॉइंट खुणेच्या वर्गातला नाही. पायथनच्या 'युनिकोडडेटा' मधली 'कॅटेगरी' अशा चिन्हांसाठी मोठ्या एमने सुरू होणारं उत्तर देते. तीन, सगळ्या ओळींतल्या स्पेस काढून त्या जोडल्या की स्पेस काढलेला मूळ मजकूर जसाच्या तसा मिळतो. कॅलेंडरच्या दुमडीला यातली दुसरी अट लावू नका. रुंदी १ वर फंक्शन अनंत फेऱ्यांत अडकलं, तर पाचव्या पायरीत कापलेला तुकडा रिकामा निघतो आहे, असं समजा आणि तिथे दर वेळी किमान एक अक्षर घ्या.